हेडफोनच्या डब्यावर आवाज अडवण्याचा आकडा छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या ऑफर सुरू झाल्या की आपल्या दैनिकात हेडफोनच्या जाहिराती पानापानावर दिसतात. दणदणीत बेस, दिवसभर टिकणारी बॅटरी, 'नॉईज कॅन्सलेशन'. गोंगाटाच्या ऑफिसात आठ तास बसणाऱ्या माणसाने यातले नेमके काय घ्यावे, हे मात्र त्या जाहिरातींतून कळत नाही. माझ्यासारखीला हा पोटापाण्याचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मी भाऊसिंगजी रोडजवळ एका वकिलांच्या ऑफिसात मराठी टंकलेखन करते. पूर्वी साहेब समोर बसून सांगायचे, मी टाइप करायची. आता डिक्टेशन व्हॉइस नोटने येते. कधी गाडीतून, कधी कोर्टाच्या व्हरांड्यातून. दाव्याचा मसुदा, कैफियत, उलटतपासाचे मुद्दे, सगळे कानाने ऐकून उतरवायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच याच रस्त्यावर सुरू झाले. कोल्हापूरने त्यासाठी कित्येक वर्षे लढा दिला, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण सहा जिल्ह्यांचे पक्षकार आणि त्यांच्या गाड्या येऊ लागल्यावर रस्त्याचा आवाज वाढणारच. समोर सीपीआर हे सरकारी रुग्णालय, तिथल्या अॅम्ब्युलन्स. आत आमचा पंखा, प्रिंटर, फोनवर बोलणारे ज्युनिअर आणि टेबलाभोवती बसून आपली बाजू एकमेकांना सांगणारे अशील.

या सगळ्यात मला ऐकायचे असते ते 'गट नंबर एकोणसाठ' की 'एकोणसत्तर'. सत्तावीस की सदतीस, पंचवीस की पस्तीस. सातबाऱ्यावरचा एक आकडा चुकीचा टाइप झाला की दुरुस्तीचा अर्ज आला, पुढची तारीख आली, आणि चंदगडहून एसटीने आलेला म्हातारा शेतकरी रिकाम्या हाताने परत गेला. हेडफोन हे गाणी ऐकायचे चैनीचे साधन, असे आपल्याकडे अजून समजले जाते. ऑफिसात खुर्ची, कीबोर्ड, टेबललॅम्प मालक विकत आणतात. हेडफोन ज्याने त्याने आपल्या पगारातून घ्यायचा. माझ्या मते टंकलेखकाला तो कीबोर्डइतकाच लागतो.

आता खरेदीचे. राजारामपुरीत दुकानात गेले की हमखास ऐकू येते, "ताई, हे घेऊन जावा, ह्यात नॉईज कॅन्सलेशन हाय बगा. बाहेरचं काय बी ऐकू येत न्हाई." डबा हातात घेऊन वाचला तर त्यावर असते 'ईएनसी'. ईएनसी हे माईकसाठी असते. आपण फोनवर बोलताना आपल्या आजूबाजूचा गोंगाट गाळून आपला आवाज पलीकडच्याला स्वच्छ पोहोचवायचा, एवढेच त्याचे काम. आपल्या कानात शिरणारा गोंगाट त्याने तसूभरही कमी होत नाही. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने हेच ऐकून हजारभर रुपये घातले, आणि डबा उघडल्यावर तिला अशिलांचे बोलणे पहिल्यासारखेच ऐकू येत राहिले. त्या मुलीचा पगार किती हे मला माहीत आहे, म्हणून वाईट वाटले.

कानात येणारा आवाज कमी करणारे ते 'एएनसी'. बाहेरचा आवाज माईकने टिपायचा आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडून तो मारायचा, हे त्याचे तत्त्व. यामागे एका बंगाली माणसाच्या मुलाचे मोठे काम आहे. अमर बोस यांचे वडील कोलकात्याहून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने हेडफोनमधले संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा बोस यांनी या विषयाला हात घातला, आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आणला. विमानातली घरघर एकसारखी आणि खालच्या पट्टीतली असते. असा आवाज एएनसी फार छान अडवते. आपला पंखा, एसी, उभ्या बसचे इंजिनही. माणसांचे बोलणे, हॉर्न, प्रिंटरची खटखट हे आवाज क्षणाक्षणाला बदलतात आणि त्यांतला बराच भाग वरच्या पट्टीत असतो. साधारण एक हजार हर्ट्झच्या वर एएनसीचा जोर ओसरतो आणि तिथे उपयोगी पडते ते कानाचे भोक नीट बंद होणे. चांगले एएनसी असलेले हेडफोन कित्येक हजारांत जातात, आणि स्वस्तातले एएनसी बहुधा नावापुरते असते. ऑफिसातला मुख्य त्रास माणसांच्या बोलण्याचा असेल, तर हे पैसे घालायची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुसत्या बुचाने, म्हणजे कानाचे भोक बंद करून आवाज अडवणारा, वायरचा, कानाच्या आत बसणारा इअरफोन घ्यावा. पाचशे ते दीड हजारांत कामाचा मिळतो. त्यात बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, त्यामुळे दिलेले पैसे आवाजाच्या कामी येतात. दर चार शब्दांनी थांबवून मागे जाणाऱ्या टंकलेखकाला ब्लूटूथचा तो किंचित उशीरही जाचतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरला गोल पिनेचे भोक असतेच. मोबाईलला नसेल तर टाइप-सीचे छोटे कनेक्टर मिळते. जुन्या कॉम्प्युटरला मात्र माईक आणि हेडफोनची भोके वेगळी असतात, ते आधी बघून घ्यावे.

कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे कडक प्लास्टिकचे इअरफोन या कामाला उपयोगाचे नाहीत. बाहेरचे सगळे ऐकू येते, मग आपण आवाज वाढवत जातो. पूर्ण कान झाकणारे मोठे बंद हेडफोन चांगले अडवतात, पण मला चष्मा आहे. चष्म्याची काडी गादीखाली येते आणि तिथे फट राहते, त्या फटीतून खालच्या पट्टीचा आवाज आत शिरतो. शिवाय एप्रिल-मे मध्ये कान घामेजतात, आणि गादीवरचे रेक्झिन आपल्या पावसाळ्यात सुटायला लागते. चष्मा नसेल आणि डोक्यावर पंखा असेल त्याने ते जरूर घ्यावेत.

आतल्या इअरफोनचे सगळे सार त्याच्या रबरी टोकांत आहे. डब्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापांची टोके येतात आणि बहुतेक लोक आधीच बसवलेली मध्यम टोके तशीच वापरतात. दोन्ही कान सारखे असतीलच असे नाही. माझ्या उजव्या कानाला मध्यम लागते, डाव्याला लहान. कानाचा वरचा भाग दुसऱ्या हाताने जरा वर-मागे ओढून टोक आत सरकवायचे. नीट बसले का, हे ओळखणे सोपे आहे: स्वतःशी दोन शब्द बोलावे, आपलाच आवाज डोक्यात घुमला तर बसले. तबल्याचा डग्गा भरीव ऐकू आला तर बसले. नुसता किरकिरा, पातळ आवाज आला तर कुठेतरी फट आहे. पाच हजारांचा इअरफोनसुद्धा फट राहिली की वाया.

रबरापेक्षा बहुतेक वेळा फोमची टोके अधिक अडवतात. बोटात दाबून बारीक करायची, कानात ठेवायची आणि ती फुगेपर्यंत धरून ठेवायची. काही महिन्यांत ती झिजतात, पण टोके बदलायला फार खर्च येत नाही. वायर कानाच्या मागून वळवून घेतली की कपड्यावर घासल्याचा आवाज कानात येत नाही. ही एवढीशी गोष्ट, पण दिवसभर टाइप करणाऱ्याला मोठा आराम.

ऐकायचे काहीच नसते, नुसता टाइप केलेला मसुदा ताळून बघायचा असतो, तेव्हा मी हेडफोनही घालत नाही. शिवाजी उद्यमनगरात कामगारांच्या सुरक्षेचे सामान विकणाऱ्या दुकानांत फोमची कानातली बुचे पन्नास रुपयांच्या आत मिळतात. फौंड्री आणि ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांसाठी असलेली ही वस्तू ऑफिसातही उत्तम चालते. आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. त्या बुचाच्या पाकिटावर ते किती डेसिबल आवाज अडवते याचा आकडा असतो. प्रत्यक्ष वापरात तेवढा मिळत नाही, पण दोन पाकिटांची तुलना तरी करता येते. त्याच्या कितीतरी पट किमतीच्या हेडफोनवर ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) किती मिलिमीटरचा, बॅटरी किती तासांची, सगळे असते. बुचाने आवाज किती अडतो हे बहुतेक डब्यांवर कुठेच नसते.

हा आकडा कानाच्या तब्येतीचा आहे. भोवती ७० डेसिबल गोंगाट असेल तर शब्द नीट कळायला कानातला आवाज ८० ते ८५ पर्यंत न्यावा लागतो. इअरफोनने बाहेरचे २० डेसिबल अडवले, तर तेच डिक्टेशन ६५ वर स्वच्छ ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते. त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ४० तास म्हणजे जवळजवळ आमचा कामाचा आठवडाच. कान एकदा गेले की टंकलेखकाची रोजीरोटी गेली.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रुग्णालय आणि न्यायालयाभोवती किमान शंभर मीटर शांतता क्षेत्राची तरतूद आहे, आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. आमच्या रस्त्यावर तर रुग्णालय आणि न्यायालय समोरासमोर आहेत. तिथे हॉर्न थांबावेत यासाठी प्रशासनाने जरूर प्रयत्न करावेत, आम्ही सगळे साथ देऊ. तोवर काम थांबत नाही.

काळजीच्याही दोन गोष्टी सांगते. न्हाऊन ओल्या कानात टोके घालू नयेत. पावसाळ्यात कानात बुरशी धरते. टोके अधूनमधून काढून साबणाच्या पाण्याने धुवावीत आणि पूर्ण वाळवावीत. ऑफिसात एकच इअरफोन पाळीपाळीने वापरत असाल तर निदान टोके प्रत्येकाची वेगळी ठेवावीत. कान दुखला किंवा वाहू लागला तर लगेच कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जावे. आणि ऑफिस सुटल्यावर गाडीवर बसण्याआधी इअरफोन पर्समध्ये गेला पाहिजे, यात तडजोड नको.

कंपन्यांना माझी विनंती आहे की डब्यावर बुचाने आवाज किती अडतो तो आकडा छापा, आणि ईएनसी फक्त माईकसाठी आहे हे मराठीत, ठळक लिहा. कोल्हापूरच्या दुकानदारांनी वेगवेगळ्या मापांची सुटी टोके दुकानात ठेवावीत. आज ती मागितली तर बहुतेक ठिकाणी "ऑनलाईन मागवा" म्हणतात. एखादा नमुन्याचा इअरफोन आणि गिऱ्हाईकागणिक नवी टोके ठेवली, तर माप घेऊन इथेच खरेदी करायला आम्ही आनंदाने येऊ. आणि वकील, सीए, डॉक्टर, सगळ्या ऑफिसांच्या मालकांनी पुढच्या वेळी स्टेशनरीची यादी करताना त्यात टंकलेखकाचा इअरफोन लिहावा.

आपली विश्वासू,
एक टंकलेखिका,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर