तुळशीचं लग्न झालं की काम सुरू

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलणार होते. पण बाबा, तुम्ही “बघूया” म्हणून फोन आईकडे देता आणि आई जेवलीस का विचारते, की विषय संपला. म्हणून लिहितेय. घराच्या पायाचं काम तुळशीचं लग्न झालं की सुरू करायचं ठरवलंय. गवंडीकाम करणाऱ्या मेस्ताला इसार दिलाय. पंचायतीचा दुरुस्तीचा अर्ज भरून ठेवलाय, त्यावर बाबांची सही तेवढी हवी.

रागावू नका. घर तुमचंच आहे, गोवा मुक्तीच्या आधी आजोबांनी एकेक चिरा पारखून बांधलेलं. पण मागच्या पडवीचा कोपरा खचतोय. खिडकीपासून तिरकी वर गेलेली भेग वरच्या टोकाला जास्त रुंद आहे, म्हणजे नुसता गिलावा फुटलेला नाही, भिंत बसतेय. दर चवथीआधी तुम्ही तिच्यात सिमेंट भरून चुना फासता, ते किडक्या दाढेत लवंग धरल्यासारखं. इंजिनिअरने मे महिन्यात भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवली होती, ती पावसातच फुटली. मांजराने नाही हो बाबा! मांजराने पाडली असती तर तुकडे खाली दिसले असते. इथे दोन्ही तुकडे जागच्या जागी चिकटलेत आणि मधे नख जाईल एवढी फट आहे.

लहानपणी तुम्ही मला ओळंब्याची दोरी धरायला द्यायचे आणि मी श्वास रोखून उभी राहायची, आठवतं? चवथीला तुम्ही दुपारचे पडलात तेव्हा तोच ओळंबा मी त्या कोपऱ्यावरून सोडला. खाली भिंतीपासून चांगला दोन बोटं लांब लोंबत होता. तेव्हाच ठरवलं.

पन्हळीचं पाणी आणि पोफळीच्या कुळागराचा पाट, दोन्ही त्याच कोपऱ्यात मुरतात. ते आधी वळवायचं, नाहीतर कितीही काँक्रीट ओता. भिंत पाडणार नाहीत, आई, घाबरू नकोस. पायाखालचा मीटरभर तुकडा खोदायचा, काँक्रीट ओतायचं, वर ठेवलेली दोन-तीन बोटांची फट ते आवळल्यावर कोरड्या मसाल्याने ठासायची. मग पुढचा तुकडा, तोही लगतचा नाही, लांबचा. सगळा चर एकदम उघडला तर भिंत अधांतरी राहील. काँक्रीटवर निदान 7 दिवस पाणी मारायचं, त्याची ताकद धरतात ती 28 दिवसांची. म्हणून वेळ लागतो, आणि म्हणून पावसात हे जमत नाही.

तेवढे दोन महिने तुम्ही माझ्याकडे पर्वरीला. लिफ्ट आहे, न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतलाय, पूर्वेची खोली तुमची. सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळेल. पाववाला पोदेर गेटपर्यंत येतो (बाबा, उंडा एकच, साखर वाढलीय). देवघर पुढच्या बाजूला, तिथे कोणी हात लावणार नाही, पूजा काका करतील. कंटाळा आला तर मी आहेच की भांडायला.

आता ऐका. चरात कोणी डोकवायचं नाही. बाबा, शनिवारी मी तुम्हाला घेऊन जाईन, फणसाखाली खुर्ची टाकून बसायचं आणि गडी मालात जादा पाणी ओतत नाहीत ना ते बघायचं. माल पातळ केला की ओतायला सोपा जातो, पण काँक्रीट कच्चं राहतं. त्यांना तुमच्याइतकं कोण दटावणार? पैशांचं मात्र विचारायचं नाही.

आई, लोणच्याच्या बरण्या तू उचलू नकोस, गुडघा सांभाळ. मी रविवारी येते तेव्हा नेईन. गोळ्या आणि रिपोर्टांची फाईल एकाच पिशवीत ठेव.

तुमची,
बाय