छायाचित्रकारांनी तालमीला बसावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात एकांकिका स्पर्धांचे दिवस आले की आपल्यासह बहुतेक वृत्तपत्रांत रंगमंचावरील छायाचित्रे छापून येतात. गेली 22 वर्षे छायाचित्रण हाच माझा व्यवसाय असल्याने ती मी आस्थेने पाहतो, आणि दरवर्षी एकच गोष्ट खटकते. बहुतेक छायाचित्रांत कोणीतरी हात उंचावून ओरडत असतो, आणि ज्याला उद्देशून तो ओरडतो आहे ते पात्र चौकटीबाहेर राहिलेले असते. छायाचित्रकाराचे कौशल्य यात कमी पडते असे मला वाटत नाही. त्याने ते नाटक त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलेले असते, पुढे काय घडणार हे त्याला ठाऊक नसते, म्हणून आवाज चढला की तो बटण दाबतो. त्याने आधी दोन-तीन तालमी पाहिल्या असत्या तर चित्र वेगळे आले असते, असे मी अनुभवाने सांगू शकतो.

तालमीची जागा म्हणजे बहुधा महाविद्यालयातील एखादी खोली असते. बाके भिंतीला सरकवलेली, दाराच्या जागी जमिनीवर खडूची रेघ, दोन खुर्च्या म्हणजे सोफा. हालचाली बसवण्याच्या टप्प्यावर एकच प्रवेश दहा-दहा वेळा होतो. पहिल्या दोन वेळा आपण गोष्ट ऐकतो. पाचव्या वेळेपर्यंत गोष्ट पाठ झालेली असते आणि मग माणसे दिसू लागतात. उठण्यापूर्वी ती मुलगी उजवे पाऊल आत ओढून घेते, वळण्यापूर्वी नटाची नजर वळते, मोठ्या वाक्याआधी खांदे किंचित वर जातात. कृतीची चाहूल कृतीच्या आधी लागते, हे पुस्तकात वाचून समजते खरे, पण डोळ्यांच्या अंगवळणी पडते ते अशा पुनरावृत्तीनेच.

यात तंत्राचाही एक भाग आहे. या खोल्यांत अजूनही पुष्कळदा जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतात. आपल्याकडील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्यामुळे त्यांचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमी-अधिक होतो, आणि शटरचा वेग 1/500 सेकंद ठेवला, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा तेवढाच वेळ उघडला, तर चित्रात पट्टे उमटतात किंवा दर चित्रागणिक रंग बदलतो. त्यामुळे 1/100 किंवा 1/50 वर यावे लागते, आणि त्या वेगाला हलणारा हात पुसट येतो. मग छायाचित्रकाराला हालचालीच्या पोटातील स्थिर क्षण शोधण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वर जाणारा हात खाली येण्यापूर्वी निमिषभर थांबतो, वळणारे शरीर दिशा बदलताना थबकते, आणि वाक्य संपल्यावर नट जो विराम घेतो त्यात संपूर्ण खोली थांबलेली असते. मला थांबण्याची सवय लावली ती या मंद प्रकाशाने.

ऐकणाऱ्याकडे पाहायला मी दिग्दर्शकांकडून शिकलो. तालमीत ते जेवढ्या वेळा बोलणाऱ्याला अडवतात, जवळजवळ तेवढ्याच वेळा गप्प उभ्या असलेल्याला ‘तू ऐकत नाहीयेस’ असे सांगतात. समूहाच्या बाबतीत तर तालीम पाहिल्याशिवाय चौकट ठरवताच येत नाही. 1972 मध्ये भरत नाट्य मंदिरात प्रथम सादर झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधील ब्राह्मणांची रांग पाठ फिरवते आणि तिची भिंत होते. ती कधी वळणार हे ठाऊक असलेल्यालाच वळण्याचा तो क्षण सापडेल. एरवी हाती लागेल ती केवळ एक रांग.

हे शिक्षण नाटकापुरतेही राहत नाही. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरचे हार घालणे सगळेच टिपतात. शेवटच्या मंगलाष्टकाच्या वेळी हातात हार धरून, समोरचे काहीही दिसत नसताना दोघे जे स्तब्ध उभे असतात, ते टिपायला मी तालमींमुळे शिकलो.

अर्थात तालमीत बसणाऱ्याने काही पथ्ये पाळली पाहिजेत. माझ्या सुरुवातीच्या काळात एका तालमीत ऐन विरामात मी बटण दाबले, माझ्या कॅमेऱ्यातील आरसा उचलला जाण्याचा आवाज झाला आणि त्या अभिनेत्रीचे चित्त उडाले. दिग्दर्शक मला काही बोलले नाहीत. त्यांनी प्रवेश पहिल्यापासून सुरू केला. त्या शांततेची खंत मला आजही आहे. म्हणून माझे सांगणे असे की पहिल्या तालमीला कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा, फ्लॅश कधीही वापरू नये, आणि संघाच्या परवानगीवाचून एकही छायाचित्र बाहेर जाऊ देऊ नये, कारण अर्धवट बसलेला प्रयोग ही त्या मुलांची खाजगी गोष्ट असते.

नाट्यसंस्थांनी आणि महाविद्यालयीन संघांनी प्रत्येक नाटकाच्या तालमीला एका तरी होतकरू छायाचित्रकाराला कोपऱ्यात बसू द्यावे, अशी माझी विनंती आहे. आपणही स्पर्धेच्या आधी आपला छायाचित्रकार एखाद्या संघाच्या तालमीला सलग तीन संध्याकाळी पाठवून पाहावा. पहिल्या दिवशी तो एकही छायाचित्र न घेता परतला, तर त्याला बोल लावू नये.

आपला नम्र,
एक छायाचित्रकार, पुणे