बिघडलेल्या फोटोतली मोरी

संपादक महोदय,

पावसाळ्यापूर्वी आमच्या कुडचड्याच्या घरातली जुनी ट्रंक उन्हात ठेवली, तेव्हा बाबांच्या ड्युटीच्या वह्यांखाली फोटोंचे एक पाकीट मिळाले. बाबा रेल्वेत गार्ड होते. काळ मीटरगेजचा, फेरी वास्को ते कॅसलरॉक. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलवर १२ फोटो निघत, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी रुळांपासून अंतरावर उभे राहून ते फार जपून बटण दाबत. त्यांना हवे असायचे इंजिन. पण त्या कॅमेऱ्याचे शटर सावकाश, धावती गाडी हटकून पुसट यायची. चांदरजवळच्या एका फोटोत इंजिन म्हणजे नुसता काळा फराटा आहे. मागचे सगळे मात्र लख्ख आले आहे: सरदाचे, म्हणजे पावसाळी भाताचे शेत, बांध, रुळांच्या भरावाखालून शेतात पाणी सोडणारी दगडी मोरी, तिच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभा एक मुलगा आणि पलीकडे चंद्रनाथाचा डोंगर. फोटोच्या पाठीवर बाबांनी लिहून ठेवले आहे, ‘बिघडला’.

त्या पाकिटातला सगळ्यांत मोलाचा फोटो मला हाच वाटतो. तो घेऊन मी चांदरला गेलो. डोंगराची रेघ जुळवत सरकत राहिलो आणि जागा बरोबर सापडली, कारण डोंगर तेवढा जागचा हललेला नाही. बाकी ओळखीचे फारसे उरले नव्हते. भराव रुंद झालेला, शेत पडीक, बांधाच्या जागी गवत. मोरी मला दिसलीच नाही. शेजारच्या वाड्यावरच्या एका वयस्क काकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून त्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “हांगाच्यान उदक वतालें.” (इथून पाणी जायचे.) मग फोटोतल्या मुलाकडे बराच वेळ पाहत राहिले.

हे पत्र लिहावेसे वाटले ते त्या एका वाक्यामुळे. रुळांच्या दुपदरीकरणावरून गेली काही वर्षे गोव्यात वाद चालू आहे. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्री रुळांवर उतरले होते. कुळे ते कॅसलरॉक या जंगलाच्या टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. या वादात पाणी पूर्वी कुठून जायचे, भराव किती उंच होता, घर आधीचे की रूळ आधीचे, असे प्रश्न पुनःपुन्हा निघतात. आणि उत्तर बहुतेक वेळा कुणाच्या तरी आठवणीवर सोडावे लागते. माझा कौल दुपदरीकरणाच्या बाजूने की विरुद्ध, हा या पत्राचा विषय नाही. जुने फोटो हा जमिनीचा दाखला आहे आणि तो आपण घराघरांत कुजू देत आहोत, एवढेच मला सांगायचे आहे.

आपला हा मार्ग लहान नाही. मुरगाव बंदर ते कॅसलरॉक ही सुमारे ८२ किलोमीटरची मीटरगेज १८८८ साली पुरी झाली. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांमधल्या १८७८ च्या तहातून ती जन्मली. वास्को शहर वाढले ते या गाडीमुळे आणि बंदरामुळे. कुळ्याला पोर्तुगीज कस्टम होते, पलीकडे कॅसलरॉकला हिंदुस्थानचे. १९५५ मध्ये सरहद्दीपलीकडची वाहतूक थांबली, गोवामुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली. मग १९९० च्या दशकात दोन रुळांमधले अंतर एक मीटरवरून १६७६ मिलिमीटर झाले. बुटके फलाट उंच झाले, पूल नव्याने बांधले गेले, मडगावचा ‘जुना स्टेशन’ नावापुरता राहिला. त्याच सुमारास खाजन जमिनींवरून (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनी) वाद होत होत कोकण रेल्वे आली आणि १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. करमळीच्या तळ्याकाठून ती जाते. तिथले पक्षी टिपणारे कितीतरी लोक आहेत. रूळ येण्यापूर्वीचे ते तळे कुणाकडे आहे? २०२२ पर्यंत कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पुरे झाले, तेव्हापासून प्रत्येक चौकटीत खांब आणि तारा आहेत. त्याआधीचे मोकळे आभाळसुद्धा आता फक्त जुन्या फोटोंत सापडेल.

दुधसागरचे फोटो भरपूर आहेत. ३१० मीटरचा धबधबा, पुलावरची गाडी, १ ला ३७ चा चढ आणि मागून रेटा देणारे बँकर इंजिन, हे सगळ्यांनी टिपले आणि टिपावेच. पण कासावली, माजोर्डा, चांदर, सावर्डे, काले इथल्या साध्या शेतांतून जाणाऱ्या गाडीकडे कॅमेरा वळवणारे थोडे होते. ते बहुधा आमच्या बाबांसारखे रेल्वेतलेच, किंवा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर आलेले स्टुडिओवाले. मडगावातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हची खोकी भंगारात गेली, असे मला नंतर कळले. एक दिवस आधी कळले असते तर मी ती उचलून आणली असती. ही चुटपुट अजून जात नाही.

गोव्याची दमट हवा फोटोंची वैरी आहे. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला, तर फिल्म सडू लागली असे समजावे आणि ती बाकीच्यांपासून वेगळी काढावी. फोटो लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. ठिकाण, साल, कोणत्या दिशेने पाहत काढला हे पाठीवर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. माहिती देणारी आजी-आजोबांची पिढी आहे तोवरच हे होईल, म्हणून फोटोंआधी माणसांकडे जावे.

पणजीचे पुराभिलेख खाते आणि कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय यांना माझी विनंती आहे की, वास्को, मडगाव, सावर्डे आणि कुळे इथे एकेक दिवस स्कॅनर घेऊन बसावे. लोकांनी पाकिटे आणावीत, तिथल्या तिथे स्कॅन व्हावे, अस्सल प्रत घरी परत जावी. कुणी आपल्या घरातला ठेवा कायमचा सोडून देणार नाही, तशी अपेक्षाही धरू नये. रेल्वेने फलाटावर एक टेबल आणि विजेचे एक बटण दिले तरी पुरे. शाळेतल्या मुलांना ते फोटो देऊन तीच जागा पुन्हा टिपायला सांगता येईल, मात्र फाटकाबाहेरून किंवा फलाटावरून, रुळांवर पाय न ठेवता.

बाबांचे २९ फोटो मी द्यायला तयार आहे. चांदरच्या फोटोच्या पाठीवर ‘बिघडला’च्या खाली मी आता पेन्सिलने लिहिले आहे: चांदर, दक्षिणेकडे पाहत, मोरी उजव्या हाताला.

आपला,
एक वाचक, कुडचडे