मॅनर म्हणजे वाडा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधील एका जुन्या मॅनर हाउसच्या मालकीचा माग काढणारा लेख वाचला. लेखकाची मेहनत ओळीओळीत दिसते. मात्र त्यात दोन चुका राहून गेल्या आहेत, आणि त्या अशा जागी आहेत की पुढचा सगळा शोध भलत्याच वाटेला लागावा. फोर्टातील एका सॉलिसिटरांच्या पेढीत मी अडतीस वर्षे मिळकतींचे 'सर्च' घेण्याचे, म्हणजे जुन्या कागदांतून मालकीचा माग काढण्याचे काम केले. सवय जात नाही, म्हणून हे पत्र.

पहिली चूक शब्दाची. लेखात 'मॅनर' या शब्दासाठी सर्वत्र 'वाडा' असे लिहिले असून, एका गृहस्थाने मॅनर विकत घेतला त्या दिवसापासून तो त्या घराचा मालक झाला, असे धरून चालले आहे. वस्तुतः मॅनर हा हक्कांचा गठ्ठा होता: स्वतःच्या शेतीची जमीन, कुळांकडून येणारा खंड, पडीक जमिनीवरील आणि गायरानावरील अधिकार, शिवाय गावापुरती कचेरी भरवण्याचा मान. मॅनर हाउस हे बहुधा त्या हक्कदाराचे घर असे, पण तो तिथे राहत असेच असे नाही. कोकणातल्या वाचकाला हे चटकन समजेल, कारण खोती वेगळी आणि खोताचे घर वेगळे हे त्याने पाहिलेले असते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, म्हणून कोणी खोताच्या घराची कौले उतरवून नेली नाहीत. इंग्लंडातही कालांतराने घर एकाकडे आणि 'लॉर्डशिप', म्हणजे मॅनरचा हक्क, दुसऱ्याकडे, असे पुष्कळदा झाले. ही लॉर्डशिप आजसुद्धा लिलावात विकत मिळते, आणि ती घेणाऱ्याच्या पदरी ना घर पडते, ना उमरावपद. त्यामुळे शोध घेणाऱ्याने घराच्या मालकीची साखळी आणि मॅनरच्या मालकीची साखळी पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या कागदावर मांडावी लागते.

मॅनरला चार भिंती लागत नाहीत याचा सर्वांत मोठा दाखला आपण मुंबईकर ज्यावर राहतो ते बेटच आहे. दुसऱ्या चार्ल्सने २७ मार्च १६६८ च्या सनदेने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले, ते 'ईस्ट ग्रिनिचच्या मॅनरप्रमाणे' (हा लंडनजवळचा राजाचा मॅनर) धारण करण्यासाठी, आणि त्याबद्दल दर ३० सप्टेंबरला सोन्यात १० पौंड भरायचे होते. (व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेतही हाच मॅनर आहे, राजाच्या वकिलांचा तो ठरलेला मसुदा असावा.) बेट कंपनीचे झाले, तरी त्यावरच्या वाड्या, शेते आणि माडांच्या बागा कोणाच्या, हा तंटा उरलाच. गव्हर्नर आंजिअर याच्या काळात रहिवाशांशी झालेल्या आणि १६७४ मध्ये पक्क्या केलेल्या करारानुसार त्यांनी वर्षाला २०,००० शेराफिन (पोर्तुगीज अमलातले नाणे) द्यायचे आणि जमिनी त्यांच्याकडेच राहायच्या, असा तो मिटला. शहरातल्या जुन्या मिळकतींच्या कागदांत 'पेन्शन अँड टॅक्स' असा जो धारणाप्रकार आढळतो, त्याचे मूळ इथे आहे.

दुसरी चूक अधिक गमतीची आहे. अठराव्या शतकात हे घर 'अवघ्या पाच शिलिंगांना' विकले गेले, असे लेखात म्हटले असून पुराव्यादाखल चर्मपत्राचे छायाचित्र छापले आहे. पाच शिलिंगांना त्या काळीही कोणी घर देत नव्हते. १५३६ च्या कायद्याने जमिनीच्या एका विशिष्ट प्रकारच्या विक्रीचे दस्त दरबारी नोंदवणे सक्तीचे केले, परंतु मुदतीचा भाडेपट्टा त्यातून सुटला होता. वकिलांनी ती फट बरोबर हेरली. सौद्याच्या आदल्या दिवशी पाच शिलिंगांच्या नाममात्र मोबदल्यात घेणाऱ्याच्या नावे एक वर्षाचा पट्टा करायचा. त्याचे भाडे मिरीचा एक दाणा, तोही मागितला तर. मग दुसऱ्या दिवशी, घेणारा आता ताब्यात आहे असे म्हणून, उरलेला सगळा हक्क हक्कसोडपत्राने त्याला द्यायचा, आणि खरी रक्कम त्या दुसऱ्या दस्तात लिहायची. ही जोडी १८४१ पर्यंत बिनदिक्कत चालली. लेखकाच्या हाती लागला आहे तो निव्वळ पट्टा.

जोडीदार दस्त नाहीसा झाला असेल, तर त्यालाही कारण आहे. १९२५ च्या कायद्यानंतर मालकी सिद्ध करायला फार जुने कागद दाखवण्याची गरज संपली, तेव्हा कित्येक पेढ्यांनी चर्मपत्रांची पोती रिकामी केली. काहींच्या तर दिव्याच्या शेड झाल्या. तिथल्या लँड रजिस्ट्रीत आजचा मालक कळतो, पणजोबा कळत नाही. उलट मॅनरच्या कचेरीच्या वह्यांना कायद्याने संरक्षण मिळाले, कारण कुळाच्या जमिनीचा पुरावा म्हणजे त्या वहीतील नोंदीची नक्कल, आपल्या भाषेत उतारा, हाच होता. ती कूळपद्धत १ जानेवारी १९२६ पासून बंद झाली, पण कुठल्या मॅनरच्या वह्या कुठे आहेत याची सूची लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आजही ठेवली जाते. लेखात या सूचीचा उल्लेखही नाही. वह्या १७३३ पर्यंत बहुतांशी लॅटिनमध्ये आहेत, एवढी अडचण मात्र सोसावी लागेल.

तारखांबाबतही सावध राहावे. १७५२ पूर्वी इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे दस्तावर फेब्रुवारी १७१९ असेल, तर आपल्या हिशेबाने ते १७२०. शके, फसली आणि इसवी यांचा मेळ घालणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला याचे नवल वाटू नये.

लेखकाला एक विनंती आहे. आमचे मोठे कारकून नव्या मुलाला दस्त आधी उलटा करून पाठीकडून पाहायला लावीत. घडीच्या बाहेरच्या बाजूवर पक्षकारांची नावे, तारीख आणि नंतरच्या वकिलांनी टाकलेले क्रमांक असत. इंग्रजी चर्मपत्रांची रीत हीच. छापलेल्या छायाचित्रात फक्त दर्शनी बाजू दिसते. पाठीवर क्रमांक असेल, तर त्याच्या पुढच्या क्रमांकाचा आणि दुसऱ्या दिवसाच्या तारखेचा दस्त त्या परगण्याच्या अभिलेखागारात विचारून पाहावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शोध-कारकून
गिरगाव, मुंबई