ओआरएस घेऊनही जुलाब थांबत नाहीत, कारण पेशीत आहे

संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की मुंबईतल्या दवाखान्यांत जुलाब-उलटीचे रुग्ण वाढतात आणि एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘ओआरएस दिले, पण जुलाब काही थांबले नाहीत.’ मग पुडी बाजूला पडते आणि रुग्ण आणखी सुकतो. मुळात ओआरएस जुलाब थांबवण्यासाठी नसतेच; शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार ते भरून काढते. नुसते सांगून हे पटत नाही. पेशीत काय घडते ते कळले की पटते.

पटकीचेच (कॉलऱ्याचेच) घ्या. तिचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरत नाही, बाहेर राहूनच विष सोडतो. हे विष कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 साली दाखवून दिले. विषाचे पाच तुकड्यांचे कडे पेशीपटलावरच्या जीएम1 या स्निग्ध रेणूला चिकटते. कड्यावर बसलेला दुसरा भाग खरा घातक. पटल आत वळून त्याची पिशवी होते आणि विष आत येते. अशा पिशव्यांमधला बराच माल लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, जाऊन पचतो. हे विष मात्र उलट्या वाटेने गॉल्गी संकुलात (प्रथिने वाटून पाठवणारे केंद्र) आणि तिथून आंतरद्रव्यजालिकेत (प्रथिने घडवणारे जाळे) पोचते.

ते कसे साधते, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ज्या प्रथिनाला ठरावीक अंगकात (पेशीच्या आतल्या भागात) जायचे असते, त्याचा पत्ता बहुधा त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच लिहिलेला असतो. केंद्रकाचा वेगळा, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेचा वेगळा. आंतरद्रव्यजालिकेच्या आतच राहणाऱ्या अनेक प्रथिनांच्या शेपटाशी लायसिन, अस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि ल्युसिन अशी चार आम्ले याच क्रमाने असतात. असे प्रथिन वाहत गॉल्गीपर्यंत गेलेच, तर तिथला ग्राही (खूण ओळखणारे प्रथिन) शेपूट ओळखून त्याला माघारी धाडतो. पटकीच्या विषाच्या शेपटाशी नेमकी हीच चार आम्ले आहेत! पुढे विषाचा घातक तुकडा उलगडतो आणि बिघडलेली प्रथिने बाहेर टाकण्याच्या दारातून पेशीद्रवात उतरतो. टाकाऊ प्रथिनांच्या लायसिनवर एरवी नाशाची खूण चिकटवली जाते. या तुकड्यात लायसिन अगदी मोजके, म्हणून तो वाचतो. शाळेत अंगकांची नावे आणि कामे पाठ करून घेतली जातात. त्याऐवजी हा प्रवास एकदा फळ्यावर काढून दाखवला, तर प्रत्येक अंगकाचे काम मुलांच्या कायमचे लक्षात राहील.

पेशीद्रवात आलेले विष निरोपाच्या यंत्रणेवर घाला घालते. पटलाच्या आतल्या अंगाला असलेले, निरोप पुढे देणारे जी-प्रथिन बटणासारखे चालू होते आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होते. विष त्याला चालू अवस्थेतच अडकवते. सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू साचत जातो, क्लोराइडचे दार उघडेच राहते. क्लोराइडमागे सोडियम आणि त्यामागे पाणी आतड्यात उतरते, तीव्र पटकीत तासाला लिटरभरापर्यंत. ओआरएस हे दार बंद करू शकत नाही.

पण त्याच आतड्यात दुसरे एक दार शाबूत असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेते. दोघांपैकी एकटा आला तर आत जात नाही. त्यांच्यामागून पाणी येते. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी पुरत नाही. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी याच तत्त्वावर हजारो रुग्णांवर उपचार केले.

प्रमाण पाळायचे ते याचसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. लिटरची पुडी अर्ध्या लिटरात विरघळवली तर द्रावण दुप्पट तीव्र होते, मिठाचा भार वाढतो आणि पाणी उलट आतड्याकडे ओढले जाते. दोन लिटरात घातली तर सोडियम कमी पडते. पेल्यात चिमूटभर टाकून ढवळण्याला तर काहीच अर्थ नाही. शीतपेये आणि डब्यातले रस यांत साखर भरमसाट आणि सोडियम नावापुरते, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. 200 मिलिलिटरच्या लहान पुड्याही मिळतात, तेव्हा आधी पुडी वाचावी. पाणी उकळून गार करावे आणि मग पुडी घालावी. कालवलेले द्रावण उकळू नये. 24 तासांनी उरलेले टाकून द्यावे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा, शीग न लावता). मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. ते सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा लघवी थांबली, तर घरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

पावसाळ्यात वस्त्यांमध्ये ओआरएसची माहिती देणारे फलक लागतात. त्यांवर एक ओळ ठळक मराठीत वाढवावी, ही संबंधितांना विनंती : ‘जुलाब चालू असले तरी ओआरएस चालू ठेवा, पुडीवर लिहिले आहे तेवढेच पाणी घ्या.’

— पेशीजीवशास्त्राचे एक अध्यापक, परळ, मुंबई