आम्ही सहल स्वेच्छेने सोडली नाही : रोमच्या हॉटेलातील चोरीबाबत तक्रार पत्र

नाशिक रोड,
दि. ७ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
नाशिक शाखा

विषय : १४ मे रोजी निघालेल्या युरोप सहलीत रोमच्या हॉटेलातील रूममधून पासपोर्ट, रोकड व औषधे चोरीस गेल्याबाबत आणि त्यानंतर कंपनीने हात झटकल्याबाबत.

महोदय,

तुमच्या ११ जूनच्या ई-मेलमध्ये असे वाक्य आहे : "आपण सहल स्वेच्छेने अर्धवट सोडल्याने परतावा देता येत नाही." पैशांचा मुद्दा पुढे येईलच, पण हे पत्र मी आधी त्या 'स्वेच्छेने' या शब्दासाठी लिहिते आहे. तो शब्द ऐकून माझे यजमान दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

माझे वय ६३, यजमानांचे ६८. त्यांनी इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये ३४ वर्षे नोकरी केली, शेवटची काही वर्षे पासपोर्टच्या विभागात. देशभरातल्या लोकांच्या हातात जाणाऱ्या पासपोर्टच्या पुस्तिका आमच्या नाशिक रोडला छापल्या जातात, हे तुमच्या नाशिक शाखेला मी सांगायला नको. तिथे एक शीट जरी कमी भरले तरी हिशेब लागेपर्यंत कोणाला घरी जाता येत नसे, असे ते सांगतात. पासपोर्ट म्हणजे काय हे ज्याला सर्वांत जास्त कळते, अशा माणसाचा पासपोर्ट गेला आणि तुम्ही त्याला निष्काळजी ठरवले. मी स्वतः २८ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर आल्प्स काढून दाखवले, डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. दोघांच्या निवृत्तीच्या पैशांतून ५ लाख ३० हजार रुपये भरून आम्ही तुमच्याकडे नाव नोंदवले होते.

आता काय घडले ते क्रमाने सांगते.

१५ मे रोजी आम्ही रोमला उतरलो. हॉटेल तुम्ही निवडलेले, रूमही तुमच्याच नावाने घेतलेल्या. आमच्या रूममधला लॉकर चालत नव्हता. आकडे दाबले की नुसता आवाज यायचा, दार बंद होत नव्हते. यजमानांनी ते संध्याकाळीच रिसेप्शनवर सांगितले आणि टूर मॅनेजरच्याही कानावर घातले. "उद्या माणूस येऊन बघेल, तोवर बॅगेला कुलूप लावून ठेवा," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टूर मॅनेजरचा संदेश आला : "आज बाहेर पाकीटमार फार असतात. पासपोर्ट कोणीही बरोबर घेऊ नका, रूममध्येच ठेवा." तो संदेश या पत्रासोबत जोडला आहे. तुमच्या ई-मेलमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही, म्हणून तो पुन्हा वाचावा ही विनंती. आम्ही निष्काळजीपणे वागलो नाही. तुमच्या माणसाने सांगितले तसेच वागलो.

पाकीटमारांची भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. कलोसियमपाशी काय गर्दी होती ते आम्ही पाहिले. पण पासपोर्ट बरोबर न्यायचा नसेल आणि रूमचा लॉकर चालत नसेल, तर तो रिसेप्शनवर जमा करून पावती घ्यायची, एवढे साधे आम्हाला कोणी सांगितले नाही. निघण्यापूर्वी तुमच्या कॉलेज रोडच्या कार्यालयात दोन तासांची माहिती बैठक झाली. त्यात खाकरे किती न्यायचे आणि स्वेटर कोणता घ्यायचा यावर अर्धा तास गेला. चोरी झाली तर पहिले काय करायचे, यावर एक वाक्यही नव्हते.

१६ तारखेला, शुक्रवारी, रात्री साडेनऊला जेवून परतलो. दार नेहमीसारखे बंद होते, कार्डाने उघडले. कडी तोडलेली नाही, काही उचकटलेले नाही. यजमानांच्या बॅगेचे कुलूप मात्र कापलेले होते. आतला पाऊच गेला होता. दोघांचे पासपोर्ट, ९०० युरो, लहान कॅमेरा आणि यजमानांच्या हृदयविकाराच्या गोळ्या त्यात होत्या. आम्ही वीस मिनिटांच्या आत खाली जाऊन सांगितले. हॉटेलने ११२ ला फोन केला. पोलीस आले, रूम पाहिली आणि सकाळी ठाण्यात येऊन लेखी तक्रार द्या म्हणाले. तिकडे त्या कागदाला 'देनुंचा' म्हणतात. तो शिक्क्यासह हातात नसेल तर दूतावासाचे काम पुढे सरकत नाही आणि विम्याचेही नाही.

आणि सकाळी आठला आपली बस फ्लोरेन्सला निघणार होती.

टूर मॅनेजरवर ३८ प्रवाशांची जबाबदारी होती, हे मला कळते. तो मुलगा स्वतः गोंधळून गेला होता. त्याने रात्री दोनदा येऊन चौकशी केली. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, आणि माझ्या पत्रामुळे त्याच्या नोकरीवर गदा आणू नका. तक्रार तुमच्याविरुद्ध आहे. रोममध्ये तुमचा स्थानिक एजंट आहे. बस, गाईड, जेवण सगळे त्याच्याकडूनच ठरते. तो एक माणूस एक दिवस आमच्यासोबत द्यायचा होता. मी तुमच्या २४ तास चालणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या क्रमांकावर रात्री तीन वेळा फोन केला. शेवटी उत्तर मिळाले की शनिवार-रविवार सुट्टी आहे, सोमवारी बोला. सकाळी आठला बस गेली. आमचे सोबती खिडकीतून हात करत होते आणि आम्ही दोघे हॉटेलच्या दारात उभे होतो. अकरा वाजता हॉटेलने रूम रिकामी करायला सांगितली, कारण तुमचे बुकिंग तेवढ्यापुरतेच होते.

त्या आठवड्याच्या शेवटी रोममध्ये जागा मिळणे म्हणजे काय होते, ते तुम्हाला माहीत असायला हवे होते. २०२५ हे कॅथलिक ख्रिश्चनांचे ज्युबिलीचे, म्हणजे पवित्र वर्ष, त्यात नवे पोप लिओ चौदावे यांचा पदग्रहणाचा मोठा विधी रविवारी, १८ मे रोजी होता. देशोदेशीची माणसे तिथे लोटली होती. आम्ही नाशिकची माणसे, गर्दीचे नवल आम्हाला नाही. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर चुकलेल्या म्हातारीचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जायचे आणि तिची माणसे येईपर्यंत कोणीतरी तिच्याजवळ बसून राहायचे. आमच्याजवळ तुमचे कोणीही बसले नाही.

बसला तो हॉटेलशेजारच्या छोट्या दुकानातला एक बांगलादेशी मुलगा. त्याला हिंदी येत होते आणि इटालियनही. दुकान दुसऱ्याच्या हवाली करून तो आमच्यासोबत पोलीस ठाण्यात आला आणि दोन तास दुभाष्याचे काम करत बसला. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय गोळ्या देईनात, तेव्हा त्यानेच डॉक्टर गाठून दिला. यजमान १९ तास गोळीविना होते. हे मी तुम्हाला शनिवारीच ई-मेलने कळवले होते. त्याला आजही उत्तर नाही. राहायची जागाही त्यानेच शोधली, केरळच्या ख्रिस्ती सिस्टर चालवतात त्या एका अतिथिगृहात. त्या मुलाने एक युरोही घेतला नाही.

दूतावासाच्या आपत्कालीन क्रमांकावर शुक्रवारी रात्रीच फोन लागला होता. त्यांनी नीट सांगितले : पोलिसांचा कागद, पासपोर्टची झेरॉक्स, फोटो घेऊन सोमवारी सकाळी या. झेरॉक्स मुलाने नाशिकहून पाठवल्या. व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे या रस्त्यावरच्या आपल्या दूतावासात सोमवारी अर्ज दिला, मंगळवारी आपत्कालीन प्रमाणपत्र मिळाले. यजमानांनी ते कितीतरी वेळ हातात धरून उलटसुलट पाहिले. बोलले काहीच नाहीत.

आता त्या 'स्वेच्छेने'कडे येते. आपत्कालीन प्रमाणपत्र म्हणजे पासपोर्ट नव्हे. ते फक्त भारतात परत येण्यासाठी, एकाच बाजूच्या प्रवासासाठी असते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा व्हिसा, आमच्या पासपोर्टवर चिकटवलेला होता, तो पासपोर्टसोबतच गेला. त्या कागदावर ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स फिरणे आम्हाला शक्य नव्हते. हे वर्षानुवर्षे परदेशी सहली नेणाऱ्या कंपनीला ठाऊक नाही, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. परतीची तिकिटे पॅरिसहून होती. ती बदलून द्यायला तुम्ही नकार दिला, म्हणून रोम ते मुंबईची नवी तिकिटे १ लाख १२ हजार ६०० रुपयांना आम्ही काढली. २२ मेच्या पहाटे मुंबईला उतरलो आणि टॅक्सीने कसारा घाट चढून घरी आलो. अकरा दिवसांच्या सहलीतले दोन दिवस आम्ही पाहिले. यात कुठे आमची इच्छा आली?

तुमचा दुसरा मुद्दा असा की मौल्यवान वस्तूंची जबाबदारी प्रवाशाची, आणि हॉटेलशी काय ते आम्ही परस्पर पाहावे. परस्पर पाहिले. हॉटेलला मी तीन ई-मेल केले. त्यांचे उत्तर आले की रूम सहल कंपनीने घेतली होती, आम्ही कंपनीशीच बोलू. तुम्ही म्हणता हॉटेलशी बोला, हॉटेल म्हणते कंपनीशी बोला. या टोलवाटोलवीत सात आठवडे गेले.

नाशिकच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या भाच्याने इटलीचा दिवाणी कायदा काढून आमच्यासमोर ठेवला. त्याच्या कलम १७८३ नुसार पाहुण्याने हॉटेलात आणलेल्या वस्तूंच्या चोरीला हॉटेलचालक जबाबदार असतो, रूमच्या एका दिवसाच्या भाड्याच्या १०० पटींपर्यंत. आमच्या रूमचे भाडे रिसेप्शनवर १५० युरो लिहिले होते, म्हणजे मर्यादा १५,००० युरो. आमचे नुकसान त्याच्या जवळपासही जात नाही. चोरी हॉटेलच्या किंवा त्याच्या माणसांच्या चुकीने झाली असेल, तर ही मर्यादाही राहत नाही. भिंतीवर 'व्यवस्थापन जबाबदार नाही' अशी पाटी लावून ही जबाबदारी आधीच टाळता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पाहुण्याने विनाकारण उशीर न करता कळवावे अशी अट आहे, आणि आम्ही वीस मिनिटांत कळवले. म्हणजे मागायला जागा आहे. फक्त ज्याच्या नावाने बुकिंग आहे त्याने मागायला हवे, आणि तुम्ही मागत नाही. हॉटेलशी तुमचे वर्षभराचे व्यवहार आहेत, ते बिघडू नयेत म्हणून तुम्ही गप्प आहात, असे मला वाटते. माझे म्हणणे चूक असेल तर तुम्ही हॉटेलला पाठवलेले एक तरी पत्र मला दाखवा.

आणखी एक, आणि हे फार तातडीचे आहे. दार न तोडता उघडले गेले. कार्डाने उघडणाऱ्या अशा कुलपांमध्ये कोणते कार्ड किती वाजता लागले याची नोंद राहते, पण जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढत जातात. ती नोंद जपून ठेवून पोलिसांना द्या, असे मी १७ मेलाच लिहून मागितले होते. तुमच्याकडून हॉटेलला एका ओळीच्या ई-मेलची अपेक्षा होती. ती ओळ आजवर लिहिली गेलेली नाही.

विम्याबद्दल तक्रार नाही. नव्या पासपोर्टची प्रत्येकी ३,००० रुपयांची फी विमा कंपनीने दिली. रोकड त्यांच्या पॉलिसीत बसत नव्हती आणि ते त्यांनी सरळ सांगितले.

तेव्हा माझी मागणी अशी. न झालेल्या नऊ दिवसांचे पैसे आणि नव्या तिकिटांचा खर्च परत मिळावा. रोममधल्या चार रात्रींचा आणि डॉक्टरचा खर्चही मिळावा, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत. चोरीला गेलेल्या रोख रकमेची व कॅमेऱ्याची भरपाई तुम्ही तुमच्या लेटरहेडवर हॉटेलकडे मागावी आणि त्या पत्राची प्रत मला द्यावी. कुलपाच्या नोंदीचे पत्र याच आठवड्यात जावे. शिवाय पुढच्या प्रत्येक माहिती बैठकीत पासपोर्ट रिसेप्शनवर पावती घेऊन जमा करणे, चोरी झाल्यास पोलिसांचा कागद घेणे आणि दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, हे छापून प्रवाशांच्या हातात द्यावे. दिवाळीच्या सहलीसाठी माझ्याच शाळेतल्या दोन शिक्षिकांनी तुमच्याकडे नावे दिली आहेत. निदान त्यांना तरी हे आधी कळू द्या.

आणि ११ जूनच्या ई-मेलमधला 'स्वेच्छेने' हा शब्द लेखी मागे घ्यावा. यजमानांना तेवढे पत्र हवे आहे. पैशांबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलेले नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात मला दाद मागता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. मी दोन वर्षे थांबणार नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर भाच्याने कागद तयार ठेवले आहेत.

उत्तर पोस्टाने नाशिक रोडच्या पत्त्यावर पाठवावे. ई-मेल यजमान वाचत नाहीत.

आपली,
(सही)
जेल रोड, नाशिक रोड

सोबत : व्हॉट्सअ‍ॅप संदेशाची प्रत, इटालियन पोलिसांच्या तक्रारीची प्रत व तिचे भाषांतर, आपत्कालीन प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, तिकिटे, अतिथिगृहाच्या व डॉक्टरच्या पावत्या, हॉटेलचे ई-मेल.