मातीत काढलेल्या दोन शेपट्या

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. सिंधुदुर्गातल्या तिलारीहून पुण्याला येऊन आठवडा झाला, तरी डोक्यात तुमचंच अंगण आहे.

त्या संध्याकाळी उंबरावर मोठ्या बाकदार चोचीचा काळा-पांढरा पक्षी उतरला आणि मी सगळ्यांदेखत ‘महाधनेश!’ म्हणून ओरडलो. तो होता त्याचा लहान भाऊबंद, कवड्या धनेश. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. चहा झाल्यावर मला हळूच बाजूला नेलंत, काटकी उचललीत आणि तांबड्या मातीत दोन शेपट्या काढल्यात. महाधनेशाची पांढरी, तिच्यावर काळा आडवा पट्टा. कवड्याची मधली पिसं काळी, कडेची पांढरी. मग पंख. कवड्याच्या पंखाची फक्त मागची कड पांढरी. महाधनेशाला मधूनही एक पट्टा, तोही पिवळसर, कारण शेपटीच्या मुळाशी पाझरणारं तेल तो पिसांना चोळतो. मला समजलं तसं तुम्ही पायाने सगळं पुसून टाकलंत. ते का पुसलंत, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं आणि डोळे भरून आले.

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका ग्रुपबरोबर गेलो होतो. हीच चूक तिथे केली, तर म्होरक्या म्हणाला, ‘कोथरूडच्या पिंपळावरचा राखी धनेश बघून आलेत हे!’ गाडीभर हशा. वर आम्हाला ढोलीसमोरच कॅमेरे लावून बसवलं. नर घशात फळं घेऊन लांबच्या फांदीवर ताटकळत राहिला आणि अंडी-पिल्लांसाठी ढोलीचं तोंड लिंपून आत कोंडून बसलेली मादी उपाशी. पैसे मोजून मी त्या पापात सामील झालो, याची टोचणी अजून आहे.

तुम्हाला ढोली ठाऊक होती, तरी तुम्ही वाट बदललीत. ‘मादी आत आसा, तिका त्रास नको,’ एवढंच म्हणालात. जाणकार पुष्कळ भेटले दादा, पण पाखराचं आणि माणसाचं मन सारखंच जपणारे तुम्हीच.

सकाळी आधी आवाज आला, लोहाराचा भाता ओढावा तसा. मग तो मीटरभर लांबीचा महाधनेश माथ्यावरून गेला आणि समोरच्या वडावर बसला. एक फळ चोचीच्या टोकात धरून उडवलं, झेललं, गिळलं. डोळा लालभडक. मी पुटपुटलो, ‘नर.’ तुम्ही नुसती मान हलवलीत.

पिल्लू बाहेर पडलं की एक फोन करा. आई रोज विचारते.

तुमचा,
कोथरूडचा पाहुणा